पीएचडीच्या शेवटच्या चौदा महिन्यांत करिअरचा निर्णय कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही फरक असेल तर तो तुमच्या लक्षात येईल. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पेशीजीवशास्त्रात तुमच्या पीएचडीचे चौथे वर्ष चालू आहे, सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) फेलोशिप संपायला सुमारे चौदा महिने उरले आहेत, एक पेपर रिव्हिजनमध्ये, म्हणजे जर्नलने सुचवलेल्या दुरुस्त्यांत आहे आणि दुसऱ्याचे प्रयोग अर्धवट आहेत. तुमच्या गाईड मॅडम परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे काही वर्षांचे संशोधन) करायला सांगतात, तुमच्या बरोबरच्या दोघी कंपनीत लागल्या आणि घरचे ‘प्राध्यापकाची जागा कधी निघणार’ असे विचारतात. यातला सुरक्षित मार्ग कोणता, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी मात्र तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे: ‘बेंचवरचे (प्रयोगशाळेतले) काम सोडून मला दुसरे काही येतच नाही.’ माझ्या मते खरी अडचण त्या वाक्यात आहे.

माझी बाजूही सांगून टाकतो. मी पीएचडी आणि पोस्टडॉक करून कंपनीत आलो. सध्या बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या) औषधांच्या विश्लेषण विभागात काम करतो आणि नव्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळात असतो. त्यामुळे माझा कल कंपनीच्या बाजूला असणार, हे धरूनच पुढचे वाचावे.

तुमच्या मनात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पीएचडीनंतर काय करायचे हा एक आणि उरलेल्या चौदा महिन्यांत काय करायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आज देता येणार नाही, कारण ते देण्यासाठी जी माहिती हवी ती तुमच्याजवळ अजून नाही. ती माहिती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून गोळा होते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

आधी कॅलेंडर पाहू. पहिली दोन वर्षे जेआरएफ (कनिष्ठ) आणि नंतरची तीन वर्षे एसआरएफ (वरिष्ठ) अशी ही फेलोशिप एकूण पाच वर्षांची असते. १ जानेवारी २०२३ पासून तिचे दर अनुक्रमे ३७,००० आणि ४२,००० रुपये आणि शिवाय घरभाडे भत्ता असे आहेत. पीएचडी पूर्ण करण्यासाठी मात्र यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी सहा वर्षे दिली आहेत, फेरनोंदणी केल्यास आणखी दोन आणि महिलांना त्यावरही दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे पैसे थांबण्याची तारीख आणि पदवी हातात पडण्याची तारीख एक नसते आणि बहुतेकांची ओढाताण या दोन तारखांच्या मधल्या काळात होते. प्रबंध सादर केल्यावर परीक्षकांचे अहवाल येणे आणि व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तारीख ठरणे यात किती महिने जातील हे विद्यापीठावर अवलंबून असते. आपल्या विभागात नुकतेच सुटलेल्या दोघातिघांना विचारून तो आकडा काढावा आणि मग उलट मोजत यावे: व्हायवा कधी, त्यासाठी प्रबंध कधी, त्यासाठी प्री-सबमिशन सेमिनार कधी आणि त्यासाठी शेवटचा प्रयोग कधी थांबवायचा. आणखी एक बाब तपासावी. प्रबंध देण्यापूर्वी पेपर प्रसिद्ध झालाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, तथापि अनेक विद्यापीठांनी आणि संस्थांनी आपली अट स्वतंत्रपणे चालू ठेवली आहे. तुमच्याकडे काय लागू आहे ते सीनियरच्या तोंडी माहितीवर न ठेवता कार्यालयातून लेखी घ्यावे.

आता एकेक मार्ग. स्वतःची प्रयोगशाळा चालवायची असेल, म्हणजे आयसर, एनसीसीएस किंवा टीआयएफआर अशा ठिकाणी प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर पोस्टडॉकला व्यवहारात पर्याय नाही. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, तर देशात राहून स्वतंत्र काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी २००८ मध्ये स्थापन झालेल्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप आहे. भारतातच एखाद्या प्रकल्पावर रिसर्च असोसिएट म्हणून राहिल्यास पहिल्या श्रेणीचे मानधन ५८,००० रुपये आहे. युरोपातल्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला वयाची अट नाही, पण पीएचडीनंतर संशोधनाची आठ वर्षे उलटलेली नसावी लागतात. तिची मुदत साधारणपणे सप्टेंबरात असते आणि त्या दिवसापर्यंत व्हायवा यशस्वीरीत्या झालेला असावा लागतो. वरच्या उलट्या मोजणीचा उपयोग इथे कळतो, कारण व्हायवा ऑक्टोबरात गेला तर पूर्ण वर्ष हातचे जाते. अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण फेलोशिपवर पहिल्या वर्षीचे मानधन २०२४ साली ६१,००८ डॉलर होते. ते रुपयांत फार मोठे वाटते, बॉस्टनमध्ये घरभाडे भरताना तसे वाटत नाही. जे-१ व्हिसावर रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते आणि काहींना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ऑफर लेटर आल्यावर ही अट आपल्याला लागू आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

पोस्टडॉकबद्दल माझी कसोटी साधी आहे. ‘या लॅबमध्ये मी अमुक शिकेन आणि ते मला तमुक कामासाठी लागणार आहे’ हे वाक्य तुम्हाला न अडखळता पूर्ण करता आले, तर जरूर जावे. ते जमत नसेल आणि जाण्याचे कारण ‘सगळे जातात’ एवढेच असेल, तर थांबावे. मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या लॅबचे नाव सुचवले असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त त्या लॅबमधून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्या लोकांना शोधून तीन गोष्टी विचाराव्यात: ते आज कुठे आहेत, स्वतःच्या प्रकल्पाचा किती भाग त्यांना बरोबर नेता आला आणि अनुदान संपत आले तेव्हा लॅबप्रमुखाने लोकांना कधी सांगितले. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो.

प्राध्यापकाच्या जागेबद्दल थोडक्यात लिहितो. तुम्ही नेट-जेआरएफ आहात, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची किमान पात्रता तुमच्याकडे आजच आहे. विद्यापीठांत पीएचडी अनिवार्य करण्याची तरतूद यूजीसीने जुलै २०२३ मध्ये मागे घेतली आणि नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली. अडचण पात्रतेची नाही, जागांची आहे. अनुदानित महाविद्यालयांतली भरती अधूनमधून होते आणि तोवर तासिका तत्त्वावर काम करावे लागते, त्यात घर चालत नाही. कायम जागेची सुरुवात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये मूळ वेतनाने होते, म्हणून घरच्यांची ओढ समजण्यासारखी आहे. शिकवणे खरोखर आवडत असेल तर जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि दरम्यान आपल्या संस्थेत एमएस्सीचे एखादे प्रात्यक्षिक घेण्याची संधी मागावी. मात्र केवळ जाहिरातीची वाट पाहणे याला योजना म्हणता येणार नाही.

कंपनीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण ‘कंपनी’ हा एकच शब्द वापरल्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. पुण्याचेच पाहिले तर सीरम इन्स्टिट्यूट लसी बनवते, जेनोव्हाने एमआरएनए लस तयार केली, ल्युपिनचा बायोटेक विभाग बायोसिमिलर औषधांवर काम करतो, मायलॅबने मार्च २०२० मध्ये कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचे किट आणले आणि एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये लहान लहान नव्या कंपन्या भाड्याच्या बेंचवर काम करतात. यांतल्या मोठ्या कंपन्यांत प्रक्रिया विकास, विश्लेषण, गुणवत्ता नियंत्रण, रेग्युलेटरी (औषधाच्या मंजुरीचे काम) अशी खाती असतात आणि एका खात्यात रमणारा माणूस दुसऱ्या खात्यात कंटाळून जाऊ शकतो.

माझ्याच खात्याचे उदाहरण देतो. ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे अँटीबॉडी औषध आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बायोकॉन आणि मायलान यांच्या बायोसिमिलरला अमेरिकेत मंजुरी मिळाली, ती त्या औषधाच्या बायोसिमिलरला तिथे मिळालेली पहिली मंजुरी होती. असे औषध बनवताना आपला रेणू मूळ औषधासारखाच वागतो हे दाखवावे लागते. त्यातली एक चाचणी अशी: बीटी-४७४ या पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवायच्या, त्यांवर औषधाच्या उतरत्या मात्रा घालायच्या, काही दिवसांनी किती पेशी उरल्या ते मोजायचे आणि मूळ औषधाच्या वक्राशी आपला वक्र ताडून पाहायचा. पेशीजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काहीच नाही. नवे आहे ते पुढचे. हीच चाचणी वेगवेगळ्या तीन जणांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (कमीजास्त वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या) पेशींवर केली तरी उत्तर ठरलेल्या मर्यादेत यावे लागते आणि ते येते हे आयसीएच क्यू२ या चाचणीपद्धती पडताळण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कागदावर सिद्ध करावे लागते. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला तर ‘आज प्रयोग नीट झाला नाही’ म्हणून तो सोडून देता येत नाही, त्याची लेखी चौकशी होते. काही हुशार माणसे या शिस्तीला सहा महिन्यांत कंटाळतात आणि काहींना उलट इथेच पहिल्यांदा आपला आकडा विश्वासाने सांगता येतो असे वाटते. तुम्ही यांपैकी कोण आहात हे पगाराचा आकडा कळण्यापूर्वी ओळखलेले बरे.

आता ‘काही येतच नाही’ या वाक्याकडे वळतो. काही काळापूर्वी आमच्याकडे एक उमेदवार आली होती. तिच्या सीव्हीवर वेस्टर्न ब्लॉट, क्यूपीसीआर, फ्लो सायटोमेट्री, कॉन्फोकल अशी यादी होती. तशी ती सगळ्यांचीच असते. मुलाखतीत सहज विचारले, ‘तुमच्याकडे सीरमची (पेशी वाढवायला लागणाऱ्या द्रवाची) लॉट बदलली तेव्हा काय केले?’ त्यावर ती खुलली. जुनी लॉट संपण्याच्या बऱ्याच आधी तिने पुरवठादाराकडून वेगवेगळ्या लॉटचे नमुने मागवले होते, जुन्या लॉटशी समांतर ठेवून पेशींचा दुपटीचा वेळ मोजला होता, त्यांतली एक नाकारली होती आणि निवडलेल्या लॉटच्या बाटल्या पूर्ण लॅबसाठी राखून ठेवायला लावल्या होत्या. यातले अक्षरही सीव्हीवर नव्हते. कारण विचारले तर म्हणाली, ‘तो माझ्या थिसिसचा भाग नव्हता.’ आम्हाला मात्र नेमका तोच माणूस हवा होता, ज्याला कच्चा माल बदलला की निकाल बदलू शकतो हे सुचते आणि जो त्याची आधीच तजवीज करतो.

म्हणून एखाद्या रविवारी आपल्या लॅबच्या वह्या घेऊन बसावे आणि थिसिसमध्ये न येणारी कामे शोधावीत. प्राणी नीतिमत्ता समितीचा अर्ज तुम्ही भरला असेल, त्यात किती उंदीर लागतील आणि तेवढेच का, याचे समर्थन लिहिले असेल. रेग्युलेटरी लेखनाची ती पहिलीच पायरी आहे. पेशींना झालेली मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण शोधून काढून कल्चर रूमची पद्धत बदलली असेल. एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या मुलांना शिकवून त्यांच्याकडून वेळेत काम करून घेतले असेल. तीन कोटेशने जमवून, खरेदी समितीच्या शंकांना उत्तरे देऊन आर्थिक वर्ष संपायच्या आत अँटीबॉडी फ्रीजमध्ये आणली असेल, तर त्याला प्रकल्प व्यवस्थापन म्हणायला मी एका पायावर तयार आहे. सीव्हीत ‘सेल कल्चरचा अनुभव’ असे लिहिण्याऐवजी ‘चार जणांच्या वापरातल्या पेशींच्या साठ्याची जबाबदारी सांभाळली, दरमहा मायकोप्लाझ्मा चाचणीची पद्धत सुरू केली’ असे, आणि अर्थातच खरे असेल तेवढेच, लिहावे. वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे.

बेंचपासून दूर जाणारे मार्गही आहेत आणि त्यांची चव घरबसल्या, पैसे न घालवता घेता येते. पेटंटचे काम कसे वाटते ते पाहायचे असेल तर आपल्याच विषयातले एक भारतीय पेटंट उघडावे, त्यातले दावे वाचावेत आणि त्यांतून नेमके कशाला संरक्षण मिळते, कशाला मिळत नाही हे एका पानात लिहून पाहावे. लिहिताना दोन तास कसे गेले ते कळले नाही, तर पेटंट एजंट परीक्षेचा विचार करावा. विज्ञानाची पदवी असलेल्या कोणालाही ती देता येते, पीएचडी लागत नाही, पण असल्यास जीवशास्त्रातल्या पेटंटसाठी उपयोगी पडते. क्लिनिकल संशोधनाचा अंदाज घ्यायचा असेल तर सीटीआरआय या भारतीय नोंदणीत एखाद्या चाचणीची नोंद वाचावी आणि २०१९ च्या नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांत त्यातल्या कोणत्या रकान्याचे कारण सापडते ते शोधावे. हे वाचन अगदीच रुक्ष वाटले तर रेग्युलेटरीचा नाद सोडावा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. स्वतःची कंपनी काढण्याचे वेड डोक्यात असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचे बिग अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत मिळते. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत सुरू झालेले आणि टाटा मेमोरियलच्या साथीने पुढे गेलेले काम इम्युनोॲक्टच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या पहिल्या मान्यताप्राप्त कार-टी या कर्करोगावरच्या पेशी-उपचारापर्यंत पोहोचले. अर्थात त्यामागे अनेक वर्षे आणि रुग्णालयाची भक्कम साथ होती, हे विसरून चालणार नाही.

माणसांशी बोलणे हा यातला सर्वांत टाळला जाणारा भाग आहे. अनोळखी माणसाला ‘सर, काही ओपनिंग आहे का’ असा निरोप पाठवला तर उत्तर येत नाही, कारण त्याच्याजवळ द्यायला उत्तर नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी पेशीजीवशास्त्रात पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. आपण याच संस्थेतून जाऊन बायोॲसे (पेशींवर औषध तपासण्याच्या) विभागात काम करता असे दिसले. आपला कामाचा आठवडा कसा असतो आणि पीएचडीतले काय तिथे उपयोगी पडले नाही, हे पंधरा मिनिटे फोनवर समजून घ्यायला आवडेल.’ आपल्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपासून सुरुवात करावी. असे पाचसहा संवाद झाल्यावर जाहिरातीतले शब्द वेगळेच दिसू लागतात. अमेरिकेत विद्यार्थ्याने आणि गाईडने मिळून वैयक्तिक विकासाचा आराखडा लिहावा असा आग्रह एनआयएच धरते आणि त्यासाठी २०१२ पासून मायआयडीपी हे मोफत साधन उपलब्ध आहे. आपल्याकडच्या समित्या वर्षातून एकदा प्रयोगांची प्रगती विचारतात, विद्यार्थ्याची विचारत नाहीत. तो आराखडा एकट्याने भरला तरी चालतो. त्यातली कौशल्यांची आणि आवडींची यादी वेगवेगळी करण्याची रीत मला उपयोगी वाटते, कारण जे चांगले येते तेच आवडते असे नसते.

मॅडमशी बोलण्याबाबत कोणालाही खात्रीचा सल्ला देता येणार नाही, ते त्यांच्या स्वभावावर अवलंबून आहे. माझा अनुभव असा की, बहुतेक गाईडना विद्यार्थी कंपनीत जाण्याचे दुःख नसते, पेपर अर्धवट राहण्याची धास्ती असते. म्हणून रिव्हिजन पाठवून झाल्यावर, दुसऱ्या पेपरचे उरलेले प्रयोग आणि त्यांच्या तारखा एका कागदावर घेऊन जावे. आधी तो कागद दाखवावा आणि मग ‘मी पोस्टडॉकबरोबर कंपन्यांचाही विचार करते आहे, आपले मत हवे आहे’ असे सांगावे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. फेलोशिपवर तुम्ही पूर्णवेळ संशोधक आहात, त्यामुळे मानधनाचे दुसरे काम किंवा इंटर्नशिप परवानगीशिवाय स्वीकारू नये. तसेच मुलाखतीत अप्रसिद्ध निष्कर्ष दाखवण्यापूर्वी मॅडमना विचारावे, कारण त्यावर पेटंट घ्यायचे असेल तर आधी झालेली वाच्यता अंगाशी येऊ शकते.

सारांशाने क्रम असा ठेवावा: या महिन्यात तारखांची उलट मोजणी आणि कार्यालयातून नियमांची लेखी खात्री, पुढचे तीन महिने रिव्हिजन आणि त्यासोबत हे लहान प्रयोग व फोन, त्यानंतर मॅडमशी बोलणे आणि शेवटचे आठ-नऊ महिने निवडलेल्या एका किंवा दोन दिशांनी अर्ज व प्रबंधलेखन. घरी पैशांची तातडी असेल, जोडीदाराची नोकरी एका शहरात बांधलेली असेल किंवा व्हिसाचे नियम मध्येच बदलले, तर हा क्रम हलेल आणि तो हलवण्यात कमीपणा नाही. फक्त एक लक्षात घ्यावे. पोस्टडॉकमधून कंपनीत येता येते, मात्र पाचसहा वर्षे त्यात काढून आलेल्या माणसालाही आम्ही बऱ्याचदा नवख्याच्या जवळपासच्याच पदावर घेतो. कंपनीतून संशोधन संस्थेत परतणे त्याहून कठीण आहे, कारण मधल्या काळात नावावर पेपर नसतात. म्हणजे स्वतःची लॅब हे स्वप्न अजून जिवंत असेल तर पोस्टडॉक आधी, आणि ते दोन-तीन वर्षांत मोजूनमापून.

कंपनीची निवड झालीच तर रुजू होण्याची तारीख ठरवताना प्रबंधाची खरी स्थिती एचआरला सांगावी. प्रबंध सादर झाल्याच्या पत्रावर पुष्कळ कंपन्या घेतात, काही ठिकाणी प्रोव्हिजनल प्रमाणपत्र लागते आणि पद व पगार त्यावर ठरू शकतो. चार आठवडे उशिरा रुजू होण्याची विनंती सहसा मान्य होते. नोकरी लागल्यावर रात्री बसून शेवटची दोन प्रकरणे लिहू, असे म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत. त्यांतल्या काहींची फेरनोंदणी अजून चालू आहे.